हृदयाची दुसरी खेप

एट्रियल फिब्रिलेशनवरचं अ‍ॅब्लेशन आपण ‘एकदा केलं की सुटलो’ या हिशेबाने करतो. प्रत्यक्षात अनेकांना पुन्हा त्याच टेबलावर झोपावं लागतं. असं का होतं? आणि थांबायचं कुठे?

जून २०२२ आठवतोय? आपला अमरावती-अकोला रस्ता त्या आठवड्यात थेट गिनीज बुकात जाऊन बसला होता. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता, तोही सलग, आणि वेळ १०५ तास ३३ मिनिटं! एका दमात काम फत्ते करणं म्हणजे काय, ते वऱ्हाडाने जगाला दाखवलं.

आपल्या पिढीला सगळंच असं एका दमात हवं असतं. हृदयावरची ट्रीटमेंटसुद्धा! एकदाच जायचं, एकदाच खर्च करायचा, एकदाच रजा टाकायची आणि पुढच्या सोमवारी लॅपटॉप उघडून कामाला लागायचं. पण हृदयाचा एक आजार असा आहे, जिथे हा हिशेब बरेचदा चुकतो. त्याचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर मंडळींच्या भाषेत ‘एएफ’. त्यावरचा सध्याचा सगळ्यात चर्चेतला उपाय म्हणजे कॅथेटर अ‍ॅब्लेशन. आणि त्यातली न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे, तो उपाय अनेकांना दोनदा, काहींना तीनदा करावा लागतो.

पहिल्या वेळी सगळे पेढे वाटतात. आठ महिन्यांनी पुन्हा हॉस्पिटलच्या काउंटरवर तोच फॉर्म भरायची वेळ आली की मात्र घरात एकच प्रश्न असतो. ‘आपण फसलो का?’

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. पण ते पटायला आधी हा आजार समजून घ्यायला हवा.

ही धडधड नेमकी कसली?

आपल्या हृदयाला चार कप्पे. वरच्या उजव्या कप्प्यात एक छोटीशी जागा असते, जी ठरावीक अंतराने विजेचा सिग्नल सोडते. तो आधी वरच्या कप्प्यांत पसरतो, मग खालच्या. वरचे आकुंचन पावतात, मग खालचे. निवांत बसलेलो असताना मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा हा खेळ बिनबोभाट चालतो.

एएफमध्ये वरच्या कप्प्यांत एकाच वेळी भलत्याच ठिकाणांहून सिग्नल सुटायला लागतात. मिनिटाला साडेतीनशेच्या वर! मग हे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांना त्यातले काही सिग्नल पोहोचतात, तेही कसेही. नाडी बघितली तर तिला तालच नसतो. कुणाला छातीत कबूतर फडफडल्यासारखं वाटतं, कुणाला दोन जिने चढल्यावर दम लागतो, कुणाला नुसता थकवा. ‘जीव घाबरा होऊन राह्यला’ एवढंच सांगता येतं. आणि काहींना तर काहीच जाणवत नाही!

न जाणवणं हे जास्त धोक्याचं. कारण थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, त्याची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट असतो. म्हणून एएफच्या उपचारात पहिला प्रश्न ‘ठोका कधी सुधारणार’ हा नसतो, ‘रक्त पातळ करायची गोळी लागते का’ हा असतो.

होतो कुणाला हा आजार? वाढतं वय, ब्लड प्रेशर, डायबिटीस, वाढलेलं वजन, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, दारू ही नेहमीची कारणं. कधी थायरॉईड. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) १९९१ च्या मे महिन्यात जॉगिंग करताना दमले, तपासणीत एएफ निघालं आणि मूळ सापडलं थायरॉईडमध्ये. म्हणजे हृदयाकडे जाण्याआधी एक साधी रक्ततपासणी करायलाच हवी.

आपल्याकडे या यादीत आणखी एक मोठं नाव आहे, ते म्हणजे झडपांचा आजार. लहानपणी घसा दुखून ताप येतो, त्यातून कधी कधी संधिवाताचा ताप होतो आणि तो हृदयाची झडप कायमची खराब करून जातो. मुंबईचे डॉ. अमित व्होरा आणि देशभरातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या नोंदवहीत दीड हजारावर एएफ पेशंटची माहिती गोळा केली. २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या पेशंटना हा झडपांचा आजार होता आणि सरासरी वय होतं पंचावन्नच्या आसपास. पाश्चात्य देशांतले एएफ पेशंट यापेक्षा बरेच वयस्क असतात. थोडक्यात काय, तर ‘हा म्हाताऱ्यांचा आजार’ हे आपल्याकडे चालत नाही.

झडप अशी खराब असेल तर गाडी वेगळ्या रुळावर जाते. आधी झडपेचा विचार होतो, आणि रक्त पातळ करायला वॉरफॅरिन किंवा एसिट्रॉमसारख्या जुन्या गोळ्याच लागतात. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा पेशंटमध्ये नव्या गोळीपेक्षा जुनीच सरस ठरली. पुढचं सगळं आहे ते झडपा ठीक असलेल्या एएफबद्दल.

कुंपण आणि रोही

अ‍ॅब्लेशनची गोष्ट सुरू होते फ्रान्समधल्या बोर्दो शहरात. डॉ. मिशेल हैसागेर आणि त्यांच्या टीमने १९९८ मध्ये एक शोधनिबंध छापला. पेशंट होते फक्त ४५. पण त्यांच्या एएफच्या ठिणग्या नेमक्या कुठून उडतात, हे त्यांनी शोधून काढलं होतं. फुप्फुसातून शुद्ध रक्त हृदयाकडे आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी! ९४ टक्के ठिणग्या तिथल्याच. तोपर्यंत ‘सगळा कप्पाच बिघडलाय’ असं मानलं जायचं. आता बोट ठेवायला जागा मिळाली.

मग उपाय तसा सरळ. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची, हृदयाच्या मधल्या पडद्याला छोटंसं छिद्र पाडून डाव्या बाजूला जायचं आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती गोल डागण्या द्यायच्या. रेडिओ लहरींच्या उष्णतेने, नाहीतर फुग्यात थंडगार वायू सोडून गोठवून. डागलेल्या जागी व्रण तयार होतो आणि व्रणातून वीज जात नाही. शिरेतली ठिणगी शिरेतच राहते.

शेतीवाडी असलेल्या घरात वाढला असाल तर हे पटकन कळेल. हरभऱ्याच्या वावरात रोही शिरू नये म्हणून आपण चारी बाजूंनी कुंपण घालतो. रोही मारायचा नाही, फक्त आत येऊ द्यायचा नाही. अ‍ॅब्लेशन म्हणजे हेच कुंपण. आणि कुंपणाचा नियम सगळ्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. हजार फुटांचं कुंपण पक्कं असलं आणि एक हात खिंडार राहिलं, तर रोही तिथूनच येणार!

दुसऱ्या खेपेचं सगळ्यात नेहमीचं कारण हे खिंडार आहे. डागणी देताना तिथल्या पेशी काही पूर्ण मरतात, काही नुसत्या सुजतात. ऑपरेशनच्या टेबलावर दोन्हींतून वीज जात नाही, त्यामुळे डॉक्टरांना काम पूर्ण झालेलं दिसतं. काही आठवड्यांनी सूज उतरते, अर्धवट राहिलेल्या पेशी जाग्या होतात आणि सिग्नल पुन्हा सुरू. हात कितीही कसलेला असला तरी हे होऊ शकतं. भिंत पातळ, हृदय हलतंय, श्वास चालू आहे, आणि मागे अगदी लागून अन्ननलिका. जास्त जोर लावावा तर तिला इजा व्हायची भीती.

दुसरं कारण म्हणजे रोही एकाच बाजूने येत नाही. शिरा बंद केल्या तरी कप्प्यात दुसरीकडे ठिणग्या असू शकतात. कधी आधीच्या व्रणांभोवती वीज गोल गोल फिरायला लागते आणि नवीनच प्रकारची धडधड सुरू होते.

तिसरं कारण वावराचंच. ब्लड प्रेशर, वजन, वय यांमुळे कप्पा फुगत गेलेला असतो, त्यात चट्टे पडलेले असतात. येऊन-जाऊन असणारं एएफ आटोक्यात येणं त्यामानाने सोपं. महिनोन्‌महिने ठाण मांडून बसलेलं एएफ हटवणं कठीण.

इथे एक गल्लत नेहमी होते. ‘ब्रिटनच्या पंतप्रधानांचं तर एका झटक्यात झालं होतं!’ हो, टोनी ब्लेअर यांचं २००४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये अ‍ॅब्लेशन झालं आणि ते लगेच कामावर आले. पण त्यांचा आजार होता एट्रियल फ्लटर, एएफचा चुलतभाऊ. नेहमीच्या फ्लटरमध्ये वीज एका ठरलेल्या वाटेने फिरते, वाटेत एक रेघ मारली की बहुतेकांचं काम होतं. एएफमध्ये वाटच ठरलेली नसते.

बोर्दोचा हिशेब

आता आकडे बघू. आणि तेही दुसऱ्या कुणाचे नाही, ज्यांनी ही वाट शोधली त्याच बोर्दोच्या टीमचे. २००१-०२ च्या सुमारास अ‍ॅब्लेशन झालेल्या १०० पेशंटचा त्यांनी पाच वर्षं पाठपुरावा केला आणि २०११ मध्ये निकाल छापला.

फक्त एकदाच केलेल्या अ‍ॅब्लेशनवर वर्षभर धडधडीशिवाय राहिले ४० टक्के. पाच वर्षांनी २९ टक्के. मग ज्यांना गरज पडली त्यांचं पुन्हा केलं. १०० माणसांत मिळून १७५ वेळा! शेवटच्या खेपेपासून मोजलं तर वर्षभराचा आकडा गेला ८७ टक्क्यांवर आणि पाच वर्षांचा ६३ वर.

हे जुन्या साधनांचे आकडे आहेत. तेव्हापासून थ्रीडी नकाशा काढणारी मशिन्स आली, डागणीचा दाब मोजणाऱ्या नळ्या आल्या, आणि येऊन-जाऊन असणाऱ्या एएफमध्ये आता ढोबळमानाने दहातले सात जण पहिल्या वर्षी एका खेपेत ठीक राहतात. पण त्या १०० माणसांनी शिकवलेल्या दोन गोष्टी बदललेल्या नाहीत. पुन्हा करावं लागणं हा या उपचाराचाच भाग आहे. आणि सगळं करूनही काहींचा आजार वर्षांनंतर परत येतो.

नवीन फंडा आहे पल्स्ड फील्डचा. उष्णता नाही, थंडी नाही. अतिसूक्ष्म काळाचे विजेचे झटके, जे हृदयाच्या पेशी मारतात आणि शेजारची अन्ननलिका बऱ्याच अंशी सोडून देतात. अमेरिकेत त्याला पहिली मंजुरी डिसेंबर २०२३ मध्ये मिळाली. काम झटपट होतं. पण त्याच वर्षीच्या अ‍ॅडव्हेंट चाचणीत वर्षभरानंतरचा निकाल जुन्या पद्धतीच्या बरोबरीचाच होता. म्हणजे ‘नवीन मशिनवर केलं की परत यावंच लागत नाही’ असं कुणी म्हणालं, तर हसून सोडून द्या.

अकोल्याहून दोनदा

माझा एक मावसभाऊ अकोल्याला बँकेत आहे. वय ३९. क्रिकेट खेळणारा, पंगतीत दोन पोळ्या जास्त खाणारा. त्याचं पहिलं अ‍ॅब्लेशन २०२३ मध्ये झालं, दुसरं २०२४ मध्ये. दोन्ही वेळा रात्रीची गाडी, दोन्ही वेळा लहान मुलगी मावशीकडे, दोन्ही वेळा बँकेत ‘फॅमिली फंक्शन’चं कारण. कारण ऑफिसात हृदयाचं नाव काढलं की लोक खुर्ची हळूच सरकवून घेतात!

दादाला दुसऱ्या खेपेचा त्रास शरीराने कमी झाला, मनाने जास्त. पहिल्या वेळी ‘प्रोसिजर सक्सेसफुल’ एवढंच कानावर आलं होतं. पुन्हा लागू शकतं, हे वाक्य कुणी म्हणालं असेलही, पण सह्या करायच्या कागदांच्या गठ्ठ्यात ते हरवलं. आठ महिन्यांनी धडधड परत आली तेव्हा त्याने आठवडाभर घरी सांगितलंच नाही. त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. वहिनीला वाटलं, डॉक्टरांचं चुकलं. मावशीला वाटलं, नजर लागली.

‘एका खेपेचं काम नाही हे आधी सांगितलं असतं ना, तर आम्ही पैसे बी तसे ठेवले असते अन्‌ मन बी,’ वहिनी म्हणाली. मला वाटतं, या विषयावर यापेक्षा नेमकं कुणी बोललेलं नाही.

मुंबई-पुण्याच्या पेशंटला दुसरी खेप म्हणजे अर्ध्या तासाची कॅब. आपल्याकडे ती खरोखरची खेप असते. ईसीजी, इको, होल्टर, गोळ्या हे सगळं अमरावती-अकोल्यात होतं. पण एएफच्या अ‍ॅब्लेशनसाठी इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट लागतो, म्हणजे हृदयाच्या वायरिंगचा स्पेशालिस्ट, आणि सोबत नकाशा काढणारी लॅब. त्यासाठी आजही बहुतेक जण नागपूर, पुणे, मुंबई किंवा हैदराबादची वाट धरतात. प्रवास, सोबतच्या माणसाचं राहणं, दोघांच्या रजा, नंतरच्या तपासण्यांच्या फेऱ्या. हॉस्पिटलच्या बिलात यातलं काहीच नसतं.

विम्याचं बघाल तर, कंपनी बदलून किंवा नवीन पॉलिसी काढून दुसऱ्या खेपेची सोय करू म्हणालात, तर एएफ आता ‘आधीपासूनचा आजार’ झालेला असतो. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमाने अशा आजारासाठीची वाट पाहण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. आधी ती चार होती. म्हणून असलेली पॉलिसी खंड न पाडता चालू ठेवणं महत्त्वाचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून काही होतंय का, हे योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारा, नंतर नाही.

पुन्हा करायचं की नाही?

हा लाखमोलाचा प्रश्न. त्याचं उत्तर ईसीजीच्या कागदावर कमी आणि तुमच्या रोजच्या जगण्यात जास्त असतं.

२०१९ ची कबाना चाचणी या क्षेत्रातली एक मोठी चाचणी. दहा देश, २,२०४ पेशंट. निम्म्यांचं अ‍ॅब्लेशन, निम्म्यांना गोळ्या. मृत्यू, मोठा पक्षाघात अशा गोष्टी मिळून पाहिल्या, तर दोन गटांत ठोस फरक निघाला नाही. पण अ‍ॅब्लेशन झालेल्यांचं जगणं जास्त सुखाचं झालं. त्रास कमी, दमणूक कमी. याचा सरळ अर्थ असा, की बहुतेकांसाठी अ‍ॅब्लेशन हा त्रास कमी करण्याचा उपाय आहे, आयुष्य वाढवण्याची हमी नाही. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या पेशंटची गोष्ट वेगळी. तिथे २०१८ च्या कॅसल-एएफ चाचणीत मृत्यूही कमी झालेले दिसले.

मग हिशेब असा मांडता येतो. पहिल्या खेपेआधी आठवड्यातून दोनदा चार-चार तास धडधड व्हायची आणि आता दोन महिन्यांतून एकदा दहा मिनिटं होते, तर कागदावर ‘आजार परतला’ असं लिहिलं जाईल. पण तुम्ही हरलात का? अजिबात नाही! अशा वेळी गोळी बदलून, वाट पाहून भागू शकतं. उलट धडधड तितकीच जोरात परतली, नोकरी-झोप-व्यायाम सगळं विस्कटलं, तर दुसरी खेप करण्यात शहाणपण आहे. त्यातही दुसऱ्या वेळी खिंडार सापडलं तर ती चांगली बातमी, कारण ते बुजवता येतं. आधीचं कुंपण शाबूत असूनही एएफ येत असेल, तर पुढे कुठे डागायचं याबद्दल तज्ज्ञांचंही एकमत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेची आशा तिथे कमी होते.

घाईही नको. अ‍ॅब्लेशननंतर पहिले दोन-तीन महिने हृदय सुजलेलं, चिडलेलं असतं. त्या काळात आलेली धडधड ‘फेल’ म्हणून मोजत नाहीत.

आणि थांबण्याचेही मार्ग आहेत. ठोका तालात आणायचा नाद सोडून त्याचा वेग आटोक्यात ठेवायचा, रक्त पातळ ठेवायचं आणि कामाला लागायचं. अनेक जण असे छान जगतात. अगदीच हाताबाहेर गेलं तर पेसमेकर बसवून वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली तार तोडता येते. ही शेवटची पायरी, कारण नंतर पेसमेकरवर कायम अवलंबून राहावं लागतं.

दोन खेपांच्या मधे

जी गोष्ट सगळ्यात स्वस्त, तिच्याकडे आपण सगळ्यात शेवटी बघतो. कुंपण डॉक्टर घालतात, वावर मात्र आपलं असतं!

ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड शहरात डॉ. प्रशांतन सँडर्स यांच्या टीमने वजन जास्त असलेल्या एएफ पेशंटचा पाठपुरावा केला. २०१५ मध्ये छापलेल्या त्यांच्या लेगसी अभ्यासात वजन दहा टक्के किंवा त्याहून जास्त उतरवून टिकवणाऱ्यांची धडधडीपासून सुटण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. नव्वद किलोच्या माणसाला दहा टक्के म्हणजे नऊ किलो. पण वर-खाली वर-खाली करणाऱ्यांचा फायदा बराचसा धुऊन गेला.

दारूचं तर सरळच आहे. २०२० मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी नियमित पिणाऱ्या १४० एएफ पेशंटपैकी निम्म्यांना दारू सोडायला लावली. सहा महिन्यांत सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांचं एएफ परतलं, पिणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांचं. ‘वीकेंडलाच घेतो’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

चहा-कॉफीवर मात्र उगाच राग काढू नका. २०२५ च्या डिकॅफ चाचणीत रोज कॉफी पिणाऱ्यांचं एएफ वाढलं नाही, उलट कमी परतलं.

घोरत असाल, सकाळी उठल्यावर डोकं जड होत असेल, तर झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास अडकत असेल आणि त्यावर उपचार नसेल, तर कुंपण कितीही नवं असो, ते टिकणं अवघड.

हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गावात व्यायामाबद्दल वेगळं सांगायला नको. रोज चाला, पोहा, सायकल चालवा. फक्त एक ध्यानात ठेवा. स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या वासालोपेट स्की शर्यतीच्या ५२ हजारांवर स्पर्धकांच्या अभ्यासात, जास्त वेळा आणि जास्त वेगाने धावणाऱ्यांमध्ये ठोक्यांचे आजार जास्त दिसले होते. म्हणजे चिखलदऱ्याचा घाट दर रविवारी रेकॉर्ड मोडण्यासाठी चढायची गरज नाही. पण याचा अर्थ सायकल विकून टाका असाही नाही! इटलीचा सायकलपटू एलिया विव्हियानी याचं २०२१ च्या जानेवारीत ठोक्यांच्या आजारासाठी अ‍ॅब्लेशन झालं आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याने ब्राँझ मिळवलं.

दादाने हेच केलंय. गेल्या दिवाळीत त्याला पुन्हा दोनदा धडधड झाली, दोन्ही वेळा अर्ध्या तासाच्या आत थांबली. तिसऱ्या खेपेची चर्चा घरात झाली, डॉक्टरांशीही झाली. ठरलं असं की, आता नाही. गोळी चालू, सात किलो वजन कमी, रात्रीचं जेवण आठच्या आत आणि एका वहीत प्रत्येक धडधडीची तारीख, वेळ, मिनिटं. वही भरायला लागली तर जायचं. नाही भरली तर नाही. मुलीला आता सगळं सांगितलंय. ऑफिसातही.

गावी परतल्यावर

हे वाचून कापून फ्रीजवर लावा. अ‍ॅब्लेशन सुरक्षित मानलं जातं, पण प्रत्येक खेपेला धोका नव्याने येतो. मांडीत रक्तस्राव, हृदयाभोवती रक्त साचणं, पक्षाघात हे सहसा हॉस्पिटलमध्येच किंवा लगेच लक्षात येतं. एक धोका मात्र घरी आल्यावर येतो. अगदी क्वचित, पण जीवघेणा. अन्ननलिका आणि हृदय यांच्यामध्ये भोक पडणं. उष्णतेने डागणी दिल्यानंतर साधारण पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, अचानक बोबडी वळणं किंवा हात-पाय लुळा पडणं, यातलं काहीही झालं तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी बसू नका. जवळच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, ‘माझं हृदयाचं अ‍ॅब्लेशन झालंय.’ अशा वेळी आधी छातीचा सीटी स्कॅन करतात. घशातून दुर्बीण घालणं धोक्याचं ठरू शकतं. अ‍ॅब्लेशन करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर खिशात असू द्या, दोघांना फोनवर बोलू द्या.

रक्त पातळ करायची गोळी ‘आता ठोका छान आहे’ म्हणून स्वतःहून बंद करू नका. ती कधी थांबवायची, यावर २०२५ मध्येही नवे अभ्यास आले आहेत आणि काही पेशंटची गोळी थांबवता येते असं दिसतंय. पण तुम्ही त्या ‘काही’ जणांत आहात का, हे वय, ब्लड प्रेशर, शुगर, आधीचा पक्षाघात बघून डॉक्टर ठरवतात. ठोका बघून आपण नाही.

आणि ते मनगटावरचं स्मार्ट वॉच! अमेरिकेत २०१९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात चार लाखांवर लोकांनी ते वापरलं, त्यांतल्या शंभरात एकालाही ‘ठोके अनियमित’ असा इशारा आला नाही. आलाच तर घाबरू नका, पण ईसीजी मात्र काढा. दर दहा मिनिटांनी घड्याळाकडे बघत बसणं हा वेगळाच आजार आहे.

अपॉइंटमेंटला जाताना विचारा

• माझं एएफ येऊन-जाऊन आहे की ठाण मांडून बसलंय? डावा कप्पा किती फुगलाय?

• माझ्यासारख्यांत पुन्हा करावं लागण्याची शक्यता किती? तुमच्या हातचा अनुभव काय सांगतो?

• दुसरी खेप लागली तर खर्च किती, विमा किती देईल?

• आधीच्या अ‍ॅब्लेशनचा पूर्ण रिपोर्ट मिळेल का? (दुसऱ्या शहरात गेलात तर तो सोन्याच्या मोलाचा.)

• अजून अ‍ॅब्लेशन केलंच नाही, तर काय होईल?

• थायरॉईड, झोप, वजन, ब्लड प्रेशर यांपैकी आधी काय सुधारू?

शेवटचा प्रश्न आधी विचारला तरी चालेल. त्याच्यासाठी रात्रीची गाडी पकडावी लागत नाही.